रजेवरची नर्स

एप्रिल संपत आला होता. किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या बाजारात भरदुपारी अचानक गारा पडू लागल्या. पेरिझात डोक्यावर पिशवी धरून पळाली आणि समोर दिसलेल्या औषधांच्या दुकानात शिरली. काही घ्यायचं नव्हतं तिला... नुसतं थांबायचं होतं.

आत एक उंच तरुण उभा होता. उन्हानं रापलेला चेहरा, बोटांवर झाडाच्या चिकाचे डाग, हातात इंजेक्शनच्या बाटल्यांचा खोका. त्याची आई न्यूमोनियातून नुकतीच उठून घरी आली होती. सकाळ-संध्याकाळ सुई अजून चालू ठेवायची होती, आणि गल्लीतली नेहमीची नर्स नेमकी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आता कोण येईल घरी, असं तो काकुळतीनं विचारत होता.

दुकानातल्या झुहरा एजेनं – एजे म्हणजे ताई – हनुवटीनं पेरिझातकडे खूण केली.

"ही काय, समोरच उभी आहे. मोठ्या दवाखान्यातली नर्स."

तो वळला. गारांचं पाणी पेरिझातच्या पापण्यांवरून ओघळत होतं, केस कपाळाला चिकटले होते. तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं... पण झुहरा एजे कौतुकानं बघत होती, तो आशेनं बघत होता, आणि कुणी आपल्याकडे असं बघितल्याला किती दिवस झाले होते.

"मी... रजेवर आहे," ती म्हणाली.

तो हसला. "आणि तुमचे हात? तेही रजेवर आहेत?"

तिला हसू आलं. तिथेच सगळं चुकलं.

त्याचं नाव कुबात. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची सफरचंदांची बाग होती. दुसऱ्यांच्या बागांतही तो कलमं बांधून द्यायचा. गारा थांबल्यावर तो तिला घर दाखवायला घेऊन गेला, आणि वाटेत गारांनी झोडपलेल्या फुलांबद्दल असा हळहळत राहिला, जणू कुणी त्याच्या मुलांनाच मारलं होतं.

पेरिझात मोठ्या दवाखान्यात होती, हे खरं होतं. पण होती. हिवाळ्यात तिला तिथे पहिलीच नोकरी लागली, लहान मुलांच्या विभागात. तळ्याच्या दक्षिणेकडच्या गावात तिच्या वडलांनी ही बातमी प्रत्येक दाराशी थांबून सांगितली होती. मार्चमधल्या एका सकाळी एकाच खोलीत इलियास नावाची दोन मुलं होती. घाई होती, तिकडे एक बाळ रडत होतं, आणि "इलियास कोण?" म्हटल्यावर ज्यानं हात वर केला त्याला तिनं सुई दिली. ती दुसऱ्या इलियासची होती. या मुलाला ते औषध चालत नव्हतं. बघता बघता त्याचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. डॉक्टर धावत आले... मूल वाचलं. संध्याकाळी तर ते सरबत मागत होतं.

तिला कामावरून काढलं. कुणी आरडाओरडा केला नाही. तिला हाताला धरून सगळं शिकवणारी मोठी नर्स तोक्तोकान एजे एवढंच म्हणाली, "पोरगं वाचलं म्हणून चूक लहान होत नाही, पेरिझात." आणि मुलाची आई भिंतीला टेकून नुसती बघत राहिली होती. त्या बघण्यानं पेरिझात अजून दचकून जागी व्हायची. घरी तिनं काही कळवलं नाही. बाजारात मावशीचा आंबट रश्शातल्या थंड शेवयांचा गाडा होता. तिथे ती वाडगे विसळायची, आणि ओळखीचं कुणी दिसलं की पाठ फिरवायची.

आणि आता ती कुबातच्या घरात, निळ्या चौकटीच्या खिडकीपाशी हात धूत उभी होती. एकदा धुतलेले हात तिनं पुन्हा धुतले.

कुबातची आई बातमा आपा उशीला टेकून बसली होती. अंगानं वाळलेली, पण डोळे लखलखीत. पेरिझातनं बाटलीवरचं नाव वाचलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पुन्हा बाटली वाचली.

"आपा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"घरात दुसरी म्हातारी दिसतेय का तुला?"

"तरी सांगा."

आपानं सांगितलं, बापाच्या नावासकट. मग पेरिझातनं पूर्वी कोणतं औषध बाधलं होतं का ते विचारलं. आधी दवाखान्यात हेच औषध चाललं होतं, तरीही विचारलं. मग सुई दिली, आणि नंतर बराच वेळ आपाचा श्वास ऐकत बसून राहिली. कुबात दारातून बघत होता. त्याला वाटलं, किती मन लावून काम करते ही. ती भीती होती, हे त्याला कसं कळणार?

रोज तसंच. संध्याकाळी पुन्हा नाव विचारलं की आपा म्हणायची, "सकाळी होतं तेच आहे. अजून लग्न नाही केलं दुसरं." मग दोघी हसायच्या. पेरिझातची भीती हळूहळू ओसरत गेली. सुई दिल्यावर चहा व्हायचा, जर्दाळूचा मुरंबा, गरम बोरसोकांचा, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांचा ढीग... आणि चहानंतर कुबात तिला रस्त्यापर्यंत सोडायला यायचा. रस्ता जवळ होता. तो तिला बागेतून लांबच्या वाटेनं न्यायचा.

"रजा कधी संपते तुमची?" एकदा त्यानं विचारलं.

"का? कंटाळलात?"

"छे. दवाखान्याला कळवावं म्हणतो... पेशंट अजून बरा नाही."

"आपा तर चांगल्या हिंडतायत घरभर."

"मी आपाबद्दल कुठे बोलतोय."

ती झाडाकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वाऱ्यानं पाकळ्या तिच्या केसांत पडत होत्या, आणि तो एकेक वेचून काढत होता – काढता काढता मुद्दाम एखादी तशीच ठेवत होता. कलम कसं बांधतात ते त्यानं तिला दाखवलं. फांदीला तिरपा छेद, त्यात दुसरी काडी, वरून पट्टी, मग मेण. पट्टी आवळताना तिची बोटं त्याच्या बोटांखाली आली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठल्या झाडाखाली झालं, ते दोघांनाही पुढे आठवलं नाही.

सांगावं, असं तिला रोज वाटायचं. येताना वाटेत ती वाक्यं जुळवायची. पण दार उघडताना तो असा हसायचा की... उद्या, असं ती मनाशी म्हणायची. शेजारच्या बायकाही आता तिला हाक मारू लागल्या होत्या, कुणाचा रक्तदाब, कुणाच्या लेकराचा ताप. मोठ्या दवाखान्यातली नर्स म्हणून कुबात तिची ओळख करून द्यायचा, आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. ती मान खाली घालायची. सगळे म्हणायचे, किती लाजाळू आहे.

मग एक दिवस कुबातच्या मनात आलं की एवढं करणाऱ्या मुलीसाठी आपणही काहीतरी करावं. तिला न सांगता त्यानं तळघरातली शेवटची चांगली सफरचंदं पेटीत भरली आणि तो दवाखान्यात गेला. तिच्या वरिष्ठांना भेटायचं, तुमच्या पेरिझातनं माझ्या आईला उभं केलं म्हणून सांगायचं, असा त्याचा बेत होता.

संध्याकाळी पेरिझात आली तेव्हा सफरचंदांची पेटी अंगणात तशीच होती. तो आईसमोर काही बोलला नाही. पेरिझातनं नाव विचारलं, आपानं थट्टा केली, सुई झाली. या खेपेला तो जवळच्या वाटेनं तिच्याबरोबर चालला.

"तुझी रजा संपली आहे म्हणे," रस्त्याशी येऊन तो म्हणाला. "मार्चमध्येच."

त्याला सगळं कळलं होतं, मुलाचे सुजलेले ओठसुद्धा. दवाखान्यात हे सांगणाऱ्या बाईनं वाईट काही म्हटलं नव्हतं, पण तो पेटी घेऊन तिथे मूर्खासारखा उभा राहिला होता, हे तो दोनदा म्हणाला.

"मी सांगणार होते..."

"कधी?"

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"चूक कुणाच्याही हातून होते," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं. "पण तू माझ्या आईच्या अंगात सुई घालत होतीस, पेरिझात. सांगितलं असतंस तर कदाचित मी नाही म्हटलं असतं... कदाचित हो म्हटलं असतं. ते मी ठरवायचं होतं. तू मला ठरवूच दिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी दुसरी नर्स गेली.

पेरिझात दोन दिवस मावशीच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली. आधी तिनं वडलांना फोन करून नोकरी गेल्याचं सांगितलं. त्यांनी जेवलीस का एवढंच विचारलं. मग ती तोक्तोकान एजेकडे गेली. मला काम हवंय, कुठेही, पण मला का काढलं ते तिथे आधी कळवून, असं तिनं सांगितलं. एजेनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि नारिन शहराच्या पलीकडे, डोंगरातल्या एका गावच्या डॉक्टरला फोन लावला. तिथे हिवाळ्यात रस्ता बंद व्हायचा, आणि नर्स टिकत नव्हती. एजेनं तिच्यादेखतच सगळं सांगितलं, मुलाचं नावसुद्धा. डॉक्टरनं येऊ दे म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती बागेत गेली. फुलं गळून गेली होती, फांद्यांवर बोराएवढी हिरवी फळं धरली होती. कुबात शिडीवर होता, खाली उतरला. तिनं त्या सकाळचं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. रडणारं बाळ, वर झालेला हात, भिंतीला टेकलेली आई.

"आणि आणखी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले ते आधी लाजेनं. पण नंतर... नंतर तुझ्यासाठी. तू दार उघडायचास ना, तेव्हा..."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझंही तेच झालं होतं." त्यानं हातातल्या कात्रीची मूठ उगाच मिटली, उघडली. "मी तुला थांब म्हणालो असतो, पेरिझात. आजही म्हणावंसं वाटतंय. पण उद्या तू काही सांगशील, आणि मी मनात म्हणेन, हे खरं का... तसं मला जगायचं नाहीये. तुलाही नको."

ती हो म्हणाली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर – आणि काढून घेतला. परतताना ती लांबच्या वाटेनं गेली, एकटी.

डोंगरातल्या त्या गावात पहिल्याच आठवड्यात एक माणूस बायकोला घेऊन आला. डॉक्टर बाहेरगावी होते. सुई द्यायच्या आधी पेरिझातनं त्याला बसवून सगळं सांगितलं. तो विचारात पडला. मग आम्ही डॉक्टरांसाठी थांबतो म्हणाला, आणि दोघं बाहेर बाकावर जाऊन बसली. तिला वाईट वाटलं, पण तिनं त्यांना चहा नेऊन दिला. महिन्याभरानं तोच माणूस धाकट्या लेकीला घेऊन आला. या वेळी तो डॉक्टरांसाठी थांबला नाही. हिवाळ्यात रस्ता बंद झाला तेव्हा गावच्या दुखण्याखुपण्याला ती आणि डॉक्टर, एवढेच उरले. ती टिकली.

कुबातचा फोन कधी आला नाही. तिनंही केला नाही. एक-दोनदा नंबर काढला... आणि ठेवून दिला.

दुसरा उन्हाळा सरता सरता मात्र बातमा आपाचा फोन आला. आवाज खणखणीत होता. आधी तिनं तिकडच्या थंडीची चौकशी केली, मग तू जेवतेस का नीट, मग तुझ्या बापाची तब्येत. मुद्द्यावर यायला तिला वेळ लागला. कुबातचं लग्न झालं होतं. मुलगी शाळेत शिकवते, चांगली आहे, हसरी आहे.

"बरं झालं, आपा," पेरिझात म्हणाली. ते तिनं मनापासून म्हटलं.

"बरं झालंच. पण तू खोटं बोलली नसतीस तर..." आपा म्हणाली.

"तर त्यानं मला घरात घेतलंच नसतं, आपा. खरं सांगितलं असतं तर मी तुमच्या उंबऱ्याच्या आत आले नसते. तुम्ही मला भेटलाच नसता. मी खूप विचार केलाय त्याचा."

फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. तिकडे आपा अंगणात बसली असावी.

"तो म्हणतो, त्यानं ठरवायचं होतं. तू म्हणतेस त्यानं घेतलं नसतं," आपा म्हणाली. "सुई माझ्या अंगात जायची होती, पोरी. मला विचारलं असतंस... मी हो म्हटलं असतं."