कोपऱ्याचा वाटा

दारू सोडल्यावर काय काय होतं, हे धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. घाम फुटेल, झोप उडेल, मळमळेल, हात थरथरतील. सगळं झालं आणि एकेक करून गेलंही. राहिला तो उजवा हात. रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, तुमचं यकृत तुमच्यापेक्षा समजूतदार निघालं, हाताचं मात्र मला कळत नाही.

मी कळमेश्वरच्या एका तेल कारखान्यात केमिस्ट आहे. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचा आणि रंग पालटला की त्याच थेंबावर थांबायचं, हे माझं काम. हात हलणाऱ्या माणसाला लॅबमध्ये कोण ठेवणार? मला स्टोअरमध्ये बसवलं होतं. त्याचं वाईट वाटायचं, पण खरी भीती दुसरीच होती. माझी बायको हर्षा रामटेकला माहेरी निघून गेली होती, ती एका अटीवर परत आली होती. घरात पुन्हा ग्लास दिसला तर ती जाणार होती आणि मग परतणार नव्हती. हात हलताना दिसला की ती शर्ट धुवायला टाकताना त्याचा वास घ्यायची. मला त्याचा राग यायचा, आणि रागावण्याची आपली लायकी नाही हेही कळायचं.

हात हलायचा तोही विचित्र. सगळा पंजा नव्हे, अंगठा आणि अनामिका एवढीच. आणि तेही समोर काही पातळ असलं तरच. पाणी असो, ताक असो, डाव्या हातात पेला आला की उजवी अनामिका अंगठ्याला टेकायची आणि झटक्यानं सुटायची. बाईंनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. तो बघताना मला एकदम ओळख पटली आणि चक्क हसू आलं.

पिणाऱ्या कोणालाही ते माहीत असतं. पहिला पेग भरला की त्यात बोट बुडवायचं, चार थेंब बाजूला उडवायचे, मग ग्लास ओठाला. मी ते वर्षानुवर्षं केलं होतं. माझे वडील भैयाजी, एके काळचे उमरेडचे विणकर, तेही करत. त्यांनी दारू सोडून कितीतरी वर्षं झाली, आता ते आमच्याकडेच राहतात. कोणाच्या नावानं उडवायचे, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. हाताला सवय होती आणि ती जात नव्हती, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

आमचं घर मानेवाड्याला. मागच्या दाराजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आहे, माझी बैठक तीच. थेंब उडायचे ते डावीकडच्या कोपऱ्यात. आता मी खुर्ची हलवली, स्वयंपाकघरात बसलो, भिंतीकडे तोंड करून बसलो. कुठेही बसलो तरी मनगट आपसूक वळायचं आणि बोट त्याच कोपऱ्याकडे उडायचं.

मे महिना होता. दिवसभर कूलर चालायचा, त्यामुळे घर दमट आणि पुसलेली फरशी कितीतरी वेळ ओली. एका दुपारी हर्षा पोछा मारून उठली आणि म्हणाली की तो कोपरा कापड उचलायच्या आत सुकतो. मी केमिस्ट, मला राहवलं नाही. दोन चमचे पाणी घेतलं, एक खुर्चीखाली ओतलं, एक कोपऱ्यात. खुर्चीखालचं संध्याकाळीही होतं. कोपऱ्यातलं मी चमचा ठेवून वळेपर्यंत गेलं होतं. फट असेल म्हणून मी तिथे सिमेंट भरलं. मग सिमेंटही तसंच पाणी पिऊ लागलं. आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. घरभर मुंग्या होत्या, पण त्या कोपऱ्यात एकही फिरकत नव्हती.

त्याच सुमाराला हर्षाला तहान लागू लागली.

आधी आम्ही उन्हाला बोल लावला. माठ भरला की रिकामा. ती बाजारात जाताना बाटली नेऊ लागली, मग दोन नेऊ लागली. तिचे ओठ फाटले, बोलताना जीभ टाळूला चिकटू लागली. साखर तपासली, ती नव्हती. मूत्रपिंडं तपासली, ती ठीक होती. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहायची. आणि ही बाई मला हसून सांगायची की उन्हाळा सरला की होईल ठीक, तुम्ही सोडली हेच मले पुष्कळ आहे.

भैयाजी खाटेवरून हे सगळं बघत होते. माझी आई, कुसुमावती, मी कॉलेजात असताना गेली. तिच्याही उशाशी कायम तांब्या असायचा, हे मला तोवर आठवलं नव्हतं. हर्षा भाजीला गेली असताना मी भैयाजींसमोर जाऊन बसलो आणि आई कशानं गेली ते सरळ विचारलं.

"मी सोडली, त्याच साली गेली," ते म्हणाले. "सुकून गेली."

"कोण आहे त्या कोपऱ्यात?"

"मले का माहीत? माह्या बापानं टाकलं, मी टाकलं, तू टाकलं. घर बदललं तरी कोपरा संगंच येते."

"मले सांगितलं काहून नाही?"

त्यांनी तोंड कूलरकडे वळवलं. मग म्हणाले, "सांगतलं असतं तं तू सोडली नसती. पिऊन पिऊन मरून राहिला होता तू. मले पोरगा पायजे होता गा."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. धरला नाही, कारण त्यांच्या जागी मी काय केलं असतं हे मला नक्की सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी दारूचा पव्वा आणला. प्यायचा नाही, फक्त उडवायचा, असं ठरवलं होतं. बोट बुडवून थेंब कोपऱ्यात टाकले. ते क्षणात गेले. हर्षाची तहान तसूभरही कमी झाली नाही. भैयाजी पाठमोरेच पडून होते, तसेच बोलले.

"नुस्तं शिंपडून नाही होत. पहिला घोट त्याचा, दुसरा आपला. दुसराच नाही, तं पहिला कायचा?"

मी हर्षा शेजारी जाण्याची वाट पाहिली. खुर्चीत बसलो, ग्लास भरला. बोट मी बुडवलंच नाही, ते स्वतःच गेलं. थेंब उडाले, फरशीनं पिऊन टाकले. मग मी प्यायलो. घसा जळला आणि लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

हर्षा दारात उभी होती.

मी सगळं सांगितलं. कोपरा, आई, तिचे ओठ, सगळं.

"आता माह्यासाठी पेले तुम्ही," ती म्हणाली. "मागं नोकरीसाठी पेले होते. त्याच्या आधी तुमची माय गेली म्हणून."

तिनं बॅग भरली. निघताना माठातून पेलाभर पाणी घेतलं, दोन घोट प्यायली आणि अर्धा पेला ओट्यावर ठेवून दिला. मी सोडायला येतो म्हटलं.

"बस भेटते मले."

ती गेल्यावर मी त्या अर्ध्या पेल्यापाशी उभा राहून रडलो. आनंदानं. कितीतरी दिवसांत तिनं पेल्यात पाणी ठेवलं नव्हतं. ती माझा तिरस्कार करील, पण जगेल, एवढं मी मिळवलं होतं. हात त्याच दिवसापासून शांत झाला. मी लॅबमध्ये परतलो. रोज कारखान्यातून आल्यावर कोपऱ्याचा वाटा द्यायचो आणि माझा घ्यायचो. जूनचं पहिलं आभाळ येईपर्यंत मी, खरं सांगतो, सुखी होतो.

एका रविवारी दुपारी मी नुकतेच थेंब उडवले होते, तेवढ्यात फोन आला. हर्षाचा भाऊ श्रीधर होता. माझ्याशी बोलायची त्याची इच्छा नव्हती, ते आवाजावरूनच कळत होतं.

"तिची शुगर कधी तपासली होती?" त्यानं विचारलं. "आली तवापासून माठच्या माठ रिकामे करून राहिली. आता उठणं होत नाही तिच्यानं. सलाईन लावली."

मी काहीतरी बोललो असेन.

"अन् भाऊजी, तिची उजवी अनामिका हालते. पाणी पाजलं की हालते. हे का आहे?"

फोन त्यानंच ठेवला. मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो अगदी स्थिर होता. आजचं बोट मी स्वतः बुडवलं होतं, स्वतः उडवलं होतं. कालचंही. ती गेल्यापासून रोजचंच.

कोपऱ्यात थेंब तसेच होते.

पलीकडे, कालचे सुकले होते तिथे, मुंग्यांची रांग लागली होती.