एकसष्टाव्या पानावरचा हात

फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास मारते. आमच्या बेटावर आपिया शहरात जुन्या वह्या-कागदांच्या फिल्म ठेवायची खोली आहे, तिथं रोज सकाळी मी आधी तेच काम करतो. डबे उघडतो आणि हुंगतो. एकतीस वर्षं हुंगतोय. शिकलेली माणसं परदेशातून येतात, पांढरे हातमोजे घालतात, माझ्याकडून डबा घेतात, आणि मग पुस्तकात आभार मानतात ते भलत्याच कोणाचे तरी. मी चौथीपर्यंत शिकलोय. फिल्म वाचायचं मशीन सगळं खोलून पुन्हा जोडतो. बाकीचं त्यांचं त्यांना लखलाभ.

मोएलांगी त्या मंगळवारी शेजारच्या सावाइई बेटावरून पहिल्या बोटीनं आली. पन्नाशीची, रुंद हाडाची बाई. टोपलीत तारोच्या, म्हणजे अळूच्या, पानांत नारळाचं दूध घालून भाजलेलं पालुसामी होतं.

"घ्या दादा, खा. चौदा महिने तुमच्या ऑफिसनं माझं डोकं खाल्लं, आता तुम्ही हे खा."

चौदा महिने! वंशावळीची वही तिच्याच घरची, सांभाळली तिच्याच आजीनं, आणि तिची फिल्म बघायला हिला समुद्रापलीकडच्या कचेरीची परवानगी लागत होती. करारात तसं लिहिलंय म्हणे. क्रॉफ्ट नावाच्या गोऱ्या संशोधक बाईला तीच परवानगी नऊ दिवसांत मिळाली होती. मूळ वही पंधरा वर्षांपूर्वीच्या वादळात घरासकट समुद्रात गेली. उरली ती फिल्म.

मोएलांगीला एकच पान हवं होतं, एकसष्टावं. तिचा पणजोबा घराण्याच्या पोटचा की पाळलेला, हे त्या पानावर होतं. गुरुवारी जमिनीच्या कोर्टात सुनावणी. पोटचा ठरला तर जमीन हिची. नाही तर चुलत्यांची, आणि घरापुढच्या चार थडग्यांतल्या दोनांत हिची दोन धाकटी पोरं पुरलेली आहेत.

"नळावर गेले की म्हणतात, आली पाळलेल्याची अवलाद," ती म्हणाली. "म्हणू देत. पण माझ्या पोरांच्या डोक्यावर ह्यांची डुकरं लोळायला नकोत."

ते रीळ मीच काढलेलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल, मी एकोणीस वर्षांचा. तिची आजी फुआतीनो वही दुसऱ्याच्या हातात देईना. पान सपाट राहावं म्हणून आम्ही वर काच ठेवायचो, तीही ठेवू देईना. स्वतःच्या हातानं पान दाबून धरायची. एकशे बारा पानं, एकशे बारा वेळा तो हात. आमच्याकडे वही वाचताना राखणदारानं एखाद्या नावावर बोट ठेवलं, की ते उचलेपर्यंत ते नाव कोणी तोंडातून काढायचं नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला हात बाजूला घ्या म्हणून सांगायचीही आमच्यात रीत नाही. कॅमेरा शिकवणाऱ्या गोऱ्यानं सांगितलं असतं. मी मान खाली घातली आणि बटण दाबलं.

पण एकसष्टाव्या पानावर हात कडेला होता. मी नोंदवहीत तसं लिहिलं होतं. क्रॉफ्टबाईनं ते पान अख्खं टाइप करून नेलं, त्याची प्रत माझ्या कपाटात होती. कोर्टाला मात्र टाइप केलेलं चालत नव्हतं, मूळ अक्षर हवं होतं.

मी रीळ चढवलं. साठावं पान गेलं, एकसष्टावं आलं.

हात ओळीवर होता.

दोन बोटं, नेमकी त्या नावावर. फिल्म उलट्या रंगाची, त्यामुळे म्हातारीचा काळा हात पांढराफटक दिसत होता आणि नखं काळी.

"हे काय?" मोएलांगी म्हणाली.

"भिंगाचं काहीतरी असेल."

भिंग पुसलं. दिवा बदलला. आतल्या खोलीतून दुसरी प्रत आणून चढवली. तिच्यावरही दोन बोटं.

"उद्या या," मी म्हणालो.

बुधवारी अख्खा तळवा आला होता. अर्धं पान झाकलेलं. मनगटाजवळच्या सुरकुत्या मोजता येत होत्या.

मोएलांगी पडद्याजवळ सरकली. म्हणाली, "दादा, आपण परवानगी चुकीच्या माणसाची घेतली."

"काहीतरी बोलू नका."

"तिनं कधी हो म्हटलं होतं, सांगा की. तुम्ही होतात तिथं."

फुआतीनोनं हो म्हटलंच नव्हतं. घराण्याच्या प्रमुखानं सही केली, पगार मला मिळाला. तिनं फक्त पान धरलं होतं.

मोएलांगीनं कोर्टात न्यायला आणलेली बारीक विणीची चटई काढली. मशीनपुढे फरशीवर बसली. आमच्यात मोठा अपराध झाला की गुन्हेगार असाच चटई डोक्यावर घेऊन बसतो. ज्याचा अपराध केला त्यानं ती उचलली तर माफी.

"तुम्हीपण बसा," ती म्हणाली. "कॅमेरा तुमचा होता."

"मी नोकरीवर आहे, बाई. कोणी आलं म्हणजे?"

"पेसामिनोदादा, जमीन जाईल माझी."

"चटई एकच आहे," मी म्हणालो.

ती हसली. असं हसणं कुत्र्यालाही ऐकवू नये. मग तिनं चटई डोक्यावरून ओढून घेतली.

मी उभाच राहिलो. एसी घुरघुरत होता. खोलीत व्हिनेगरचा वास आला, आणि सगळे डबे बंद होते.

पडद्यावर हात हलला.

आधी करंगळी उचलली गेली. मग बाकीची बोटं. मग मनगट कडेकडे सरकत गेलं आणि चौकटीबाहेर गेलं.

पान मोकळं झालं. नाव स्वच्छ दिसत होतं. पुढे 'पोटचा मुलगा', शाईत, ठसठशीत.

मी छापायचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही कागद स्वच्छ निघाले.

"निघालं हो! निघालं!"



मी वळलो. चटई अजून तिच्या डोक्यावर होती. पुढच्या बाजूनं, तोंडापाशी, ती आत दबली होती. बोटांएवढे चार खळगे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

मी चटई ओढून काढली.

आत मोएलांगी घामानं निथळत होती. "दिसलं?" तिनं विचारलं. कागद बघून रडली. माझे हात धरले. त्या खळग्यांचं मी काही सांगितलं नाही.

आमच्या त्या कोर्टात वकील चालत नाहीत. ज्याची वंशावळ त्यानं तोंडानं सांगायची, कागद पाठबळाला. गुरुवारी मोएलांगी उभी राहिली आणि वरून खाली सांगत आली. खणखणीत आवाज. सात पिढ्या अडखळल्याशिवाय. आठवं नाव पणजोबाचं.

तिचं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज आला नाही.

न्यायाधीशांनी पाणी दिलं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. सात पिढ्या. पुन्हा तोंड उघडं.

"कागदावर आहे ना ते, बघून वाचा," न्यायाधीश म्हणाले.

तिनं कागद धरला. नावावर बोट ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "स्वतःचा पणजा आठवेना, म्हणे पोटचा." लोक हसले. न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं. मला साक्ष देता आली असती. मी फिल्मखोलीत कामाला आहे, उगाच उठून काय बोलू?

चुलत्यांच्या माणसानं सगळ्या पिढ्या एका दमात म्हटल्या. जमीन गेली.

मोएलांगी आता आपियात बहिणीकडे राहते. बाजारात भेटते. चांगली बोलते, माझी टिंगलही करते, पोट सुटलंय म्हणते. परवा बसथांब्यावर दिसली. थोरला मुलगा ऑकलंडला कोंबडीच्या कारखान्यात कामाला निघाला होता, गावात पोट भरायला काही राहिलंच नव्हतं. विमानतळाची बस सुटत होती आणि त्याची खाण्याची पिशवी हिच्याच हातात राहिली होती.

त्याला पणजोबाचं नाव ठेवलेलं आहे.

ती बसमागे धावत टाळ्या वाजवत होती. मी तिथंच उभा होतो. ते नाव मलाही पाठ आहे. मी तोंड उघडलं.

बस वळली. त्यानं मागे बघितलं नाही.