अर्धा ठोका मागे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हे मी फारसं कुणाला सांगत नाही. लोक एक तर घाबरतात, नाहीतर माझ्याकडे दयेने बघतात, आणि मला दोन्हीचा कंटाळा आहे. जरा तो पंखा बंद करा, घरघरतो फार. हं. आता ऐका.

सुरुवात झाली ती एका टाचेपासून. माझ्या लाल सँडलची टाच निघाली होती, ती बसवून घ्यायला मी कोपऱ्यावरच्या मोच्याकडे गेले. त्याने सँडल हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

“बाई, या वयात एवढी उंच टाच?”

“माझी नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीची आहे,” मी म्हटलं. “पडद्यावर दिसते ती, चालते मी.”

बिचारा टाच ठोकायचा थांबला. मग त्याला समजावून सांगावं लागलं, तसं तुम्हालाही सांगते. सिनेमाचं चित्रीकरण होतं तेव्हा नटांचं बोलणं टिपतात, पण पावलांचे आवाज नीट येत नाहीत. ते मागाहून एका बंद खोलीत, समोर चित्र चालू ठेवून काढावे लागतात. खोलीच्या जमिनीवर चौकोन आखलेले असतात. एकात लाकूड, एकात फरशी, एकात वाळू, एकात खडी. गवत हवं असेल तर जुन्या कॅसेटची फीत चुरगाळून पसरायची, त्यावर चाललं की हुबेहूब गवत वाजतं. तीस वर्षं मी हेच करत आले. कितीतरी नायिका माझ्या पायांनी प्रियकराकडे धावत गेल्यात, आणि त्यांतल्या एकीनेही मला ओळख दिलेली नाही.

बायकांचे पाय माझे आणि पुरुषांचे यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे. आमचं लग्न त्या खोलीतच जमलं म्हणा ना. दोन माणसं बरोबर चालताना दाखवायची असतील तर दोघांचे पाय एकदम पडून चालत नाही. तसं झालं की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाटतो. म्हणून मी पुढे आणि हे माझ्या अर्धा ठोका मागे. सवयच लागली. बाजारात, बागेत, लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात, सगळीकडे हे अर्धा ठोका मागे. जिन्यावरून पडल्यापासून यांची डावी टाच जराशी घासायची. टक्, घस्स. टक्, घस्स. काम करताना ते घासणं कुठे लपवायचे कोण जाणे, चाल अगदी स्वच्छ. माइक बंद झाला की परत टक्, घस्स. घरातलं चालणं वेगळं आणि कामाचं वेगळं.

त्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पेल्यात पाणी ओतता ओतता गेले. मी रडले नाही. सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे. धीर कसला, रडणं कुठेतरी अडकून बसलं होतं एवढंच.

तर त्या टाचेसह मी कामावर गेले. सिनेमा प्रेमाचा होता. एका मुलीचा प्रियकर बुडून मरतो आणि सात दिवसांसाठी परत येतो. तिच्याशिवाय तो कुणाला दिसत नाही. सातव्या दिवशी तिने त्याला आपण होऊन जाऊ द्यायचं असतं. दिग्दर्शिका माझ्या लेकीच्या वयाची, सतत पेन्सिल चावणारी पोरगी. तिने आल्या आल्या सांगितलं, “काकू, तुम्हाला फक्त तिची पावलं करायचीत. तो गेलेला आहे ना, त्याला आवाज नाही.”

“बरं झालं, अर्ध्या कामात सुटले,” मी म्हटलं.

काचेपलीकडे आवाज टिपायला आमचा कानसेन बसला होता. त्याचं खरं नाव काहीही असो, सगळे त्याला कानसेनच म्हणतात. पलीकडच्या खोलीत सुई पडली तर कोणत्या नंबरची ते सांगेल, पण बायकोने तीनदा हाक मारली तर एकदाही ऐकू येणार नाही.

पहिलं दृश्य साधंच होतं. ती एकटी लाकडी जमिनीवरून चालत खिडकीपाशी जाते. मी सँडल चढवल्या, चालले, थांबले. काचेमागे कानसेन मान हलवेना.

“ताई... तुमच्याबरोबर आत कोण होतं?”

“कोण असणार?”

त्याने मला नुसतंच ऐकवलं. माझ्या टाचा येत होत्या, टक टक टक. आणि त्यांच्या मागे, अर्ध्या ठोक्यावर, टक्... घस्स. टक्... घस्स.

भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. त्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दिवसाढवळ्या आत अंधार. समोर नुसतं चित्र हलतंय, आपलाच श्वास कानाशी येतोय. घाबरायला अगदी उत्तम जागा. आणि मी काय केलं सांगू? हसले. इतकी हसले की कानसेन पाणी घेऊन धावत आला. हे कामावर आले होते, आणि तेही घरचं चालणं घेऊन!

दिग्दर्शिकेने ते ऐकलं आणि तिच्या तोंडातून पेन्सिलच पडली. “काकू, हे... हे कमाल आहे! तो दिसायच्या आधीच तिला ऐकू येतो. कसं केलंत?”

“अनुभव,” मी म्हटलं. धडधडीत खोटं. पण यांनीही माझ्या धावण्याचं कौतुक आयुष्यभर स्वतःकडे घेतलं होतं. फिट्टंफाट.

मग पुढचे दिवस मजेत गेले. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी आत थांबायची, दिवे मालवून. फरशीवरून लाकडावर, लाकडावरून वाळूत, अशा आम्ही फेऱ्या मारायचो. मी बोलायची, हे चालायचे. जिवंतपणी तरी वेगळं काय होतं? मी म्हणायची, “अहो, नळ परत गळायला लागलाय,” की मागून टक्, घस्स. लेकीच्या तक्रारी, शेजारणीचं नवं कुत्रं, सगळं सांगून झालं. अंधारात ओल्या वाळूचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा आणि मध्येच, नाकाला लागून न लागल्यासारखा, यांच्या खोकल्याच्या गोळीचा पेपरमिंट. दिवा लावला की वाळूत ठसे मात्र एकट्या सँडलचेच.

तिसऱ्या दिवशी कानसेन म्हणाला, “ताई, जरा जोरात चाला.”

“जोरातच चालतेय.”

“मग माझी मशीन बिघडली असेल.” तो माइक माझ्या पायांच्या आणखी जवळ सरकवून गेला.

त्या संध्याकाळी मी घरी आले. लेक स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तर ती वळली आणि किंचाळलीच.

“आई! कधी आलीस? पाऊलसुद्धा वाजलं नाही!”

“तीस वर्षं वाजवलीत, आता दमली असतील,” मी म्हटलं. ती हसली नाही. माझा हात धरला आणि सोडेना.

“तू घरात असून नसल्यासारखी झालीस गं,” ती म्हणाली. “बाबा गेले ते मला समजतंय. पण तू कुठे चाललीस?”

पाचव्या दिवशी सुट्टीत मी नेहमीसारखी अंधारात फेऱ्या मारल्या. तेव्हा जाणवलं की आज आवाज फक्त मागून येतोय. माझ्या पायांखाली काहीच वाजत नव्हतं. मी खडीवर गेले, चांगले पाय आपटले. खडी गप्प. मागे मात्र करकर, घस्स... करकर, घस्स.

मी दिवा लावला. वाळूकडे पाहिलं.

ठसे होते. पुरुषी बुटांचे. डाव्या टाचेशी वाळू ओढल्यासारखी झालेली. सँडलचा एकही ठसा नव्हता.

तेव्हा मात्र घाबरले. यांची भीती नाही वाटली, तुम्हाला खरं सांगते. भीती याची वाटली की मला ते आवडत होतं. त्या अंधारात अशाच फेऱ्या मारत राहावं, कुणाला ऐकूही येऊ नये... इतकं सोपं वाटत होतं ते. आणि घरी ती पोर कान देऊन बसलेली.

दुसऱ्या दिवशी शेवटचं दृश्य होतं. पहाट, मोकळं माळरान, खडीचा रस्ता. तो निघून जातो, ती उभी राहते. दिग्दर्शिका म्हणाली, “काकू, फक्त त्याचीच पावलं. लांब लांब जाणारी.”

चित्र सुरू झालं. नट चालू लागला. खोलीत चिडीचूप.

“पुन्हा घेऊ,” कानसेन हळूच म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पडद्यावर तो मैलभर गेला तरी आमच्याकडे एक खडा हलेना. मी कुजबुजले, “अहो, निघा की. उशीर होतोय.” काही नाही. कुठे जायचं असलं की हे कधी वेळेवर निघालेत? वैतागून मी स्वतःच तीन पावलं टाकली, तशी मागून तीन पावलं आली. मी थांबले, तेही थांबले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे अडून बसले नव्हते हो. वाट बघत होते. मी पुढे आणि ते मागे, यापलीकडे त्यांना चालायचं ठाऊकच नव्हतं. आणि मी नुसती उभी असले तरी सगळा भार चवड्यांवर, आत्ता निघते की मग निघते, अशी. मी निघाल्याशिवाय ते पाऊल कसं उचलणार?

मी सँडल काढल्या. बाजूला ठेवल्या. आणि त्या लाकडी चौकोनात सरळ खाली बसले, मांडी घालून.

“ताई?” कानसेनचा आवाज आला.

“चालू ठेव,” मी म्हटलं. मग अंधाराकडे तोंड केलं. “अहो... मी नाही येत आत्ता. पोर घरी एकटी आहे... तिला माझी चाहूल लागत नाही. तुम्ही व्हा पुढे. मी येते... सावकाश.”

पेपरमिंटचा वास अगदी जवळ आला, कानाशी, केसांशी. वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील.

मग माझ्या शेजारून एक पाऊल पुढे पडलं. पहिल्यांदाच पुढे. खडी वाजली. करकर. दुसरं. करकर. घासणं नव्हतं! माइक चालू असल्यासारखी स्वच्छ, तरुण चाल. शेवटचं काम म्हणून यांनी ते अगदी चोख केलं. खडीचा चौकोन हातभर लांब, पण पावलं जातच राहिली, जिथे भिंत आहे तिथूनही पुढे, बारीक बारीक होत, आणि मग ऐकू येईनाशी झाली.

मी रडले. आठ महिन्यांचं सगळं एकदम. तो हुंदकाही रेकॉर्ड झाला आणि दिग्दर्शिकेने तो नायिकेला देऊन टाकला. पुढे तिला त्या हुंदक्यासाठी बक्षीस मिळालं. मी समोरच बसले होते, तिने मला ओळख दिली नाही.

त्या दिवशी घरी गेले तर मी जिन्यात असतानाच वरून लेक ओरडली, “आई, केवढ्याने चालतेस! खालचे लोक भांडायला येतील!” मी आणखी चार पायऱ्या दणादणा चढले. मग आम्ही दोघी जिन्यातच बसून इतक्या हसलो, इतक्या रडलो, की खालचे लोक खरंच आले.

सिनेमा छान चालला. तुम्हीही पाहिला असेल. लोक डोळे पुसत, एकमेकांचे हात धरून बाहेर यायचे, आणि मला वाटायचं, आमच्या ह्यांनी जमवलं. मी अजून काम करते. पुरुषांची पावलं आता एक उमदा गडी करतो, मला आत्या म्हणतो आणि नेहमी ठोका चुकवतो. बरं चाललंय माझं, खरंच.

फक्त एकच गोष्ट.

गेल्या महिन्यात कानसेन निवृत्त झाला. जायच्या दिवशी मला काचेपलीकडे घेऊन गेला आणि म्हणाला, “ताई, सिनेमात आपण तो आवाज पावलं विरली तिथेच कापला. पण त्या दिवशी मी मशीन बंद करायला विसरलो होतो. मूळ रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं.” आणि त्याने ते लावलं.

यांची पावलं लांब जातात. विरतात. मग माझं रडणं, आणि तेही थांबल्यावर बराच वेळ नुसती शांतता. आणि नंतर, फार लांबून, एक दार उघडल्याचा आवाज येतो. जड, लाकडी, फुगलेलं दार. चित्रात तर माळरान होतं, आणि आमच्या त्या खोलीचं दार रबर लावलेलं, त्याला आवाजच नाही. पण ते नक्की दारच आहे. कानसेनची चूक होत नाही. दोन पावलं आत जातात.

आम्ही दोघं रेकॉर्डिंग संपेपर्यंत ऐकत बसलो. नंतर पुन्हा ऐकलं, आवाज वाढवून. तिसऱ्यांदाही.

दार उघडल्याचा आवाज आहे... लावल्याचा कुठेच नाही.