तंटामुक्त निवळेवाडी

"एकही दगड इकडचा तिकडे होणार नाही," असं डॉ. हेमकांत रेगे पत्रकारांना म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर निवळेवाडीचं अख्खं देऊळ सरकत सरकत शाळेत शिरलं.

रेगे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आभासी गावं बनवायचे. निवळेवाडी हे त्यांचं पहिलं गाव. खरी निवळेवाडी धरणात जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या आणि गावकरी माळावरच्या पुनर्वसन वसाहतीत राहत होते. रेग्यांनी होडीतून ध्वनिलहरी सोडून तळाची जमीन मोजली, भोवतालचे डोंगर मोजले, वरच्या पाण्यासकट सगळं जसंच्या तसं संगणकात भरलं आणि त्यावर खेळ उभा केला. चष्मा घातला की माणूस गावात. घरं, झाडं, गुरं मात्र गावकऱ्यांनी मांडायची. ज्याला जे आठवेल त्याची त्यानं पुरवणी करायची आणि खेळाला जोडायची. पोरं तिला मॉड म्हणत.

सगळ्यांच्या आठवणी एकत्र आल्या की गाव आपोआप उभं राहील, असा रेग्यांचा सिद्धांत होता. रेगे एकुलते एक होते आणि फ्लॅटमध्ये वाढले होते.

केरबा तात्या शेवाळ्यांना या सगळ्यातलं एकच हवं होतं. त्यांच्या घराचा ओटा. काचबिंदूनं डोळे चालले होते. दिवाळीनंतर उजेड आणि अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी एकदा ओट्यावर बसून समोरचा म्हसोबाचा डोंगर बघायचा, बस. नातीला शेजारी बसवून त्यांनी ओट्याची पुरवणी करून घेतली, कोपऱ्यातल्या फुटक्या फरशीसकट. दुसऱ्या दिवशी चष्मा घालून बघतात तर ओटा वीतभर अरुंद झालेला आणि त्यावरून यशवंत आण्णांच्या मोरीचं पाणी वाहतंय.

आण्णा म्हणजे तात्यांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या घरांमधली भिंत सामाईक होती. भिंत धरणात गेली, तरी तिच्यावरून बोलणं बंद होतं ते बंदच.

तात्या एसटी धरून थेट प्रयोगशाळेत आले. खेळाची सगळी जुळवाजुळव करणाऱ्या निलोफर मुजावर तिथे होत्या. त्यांनी तात्यांना पाणी दिलं आणि समजावलं.

"दोन पुरवण्यांनी एकाच जागेला हात घातला, की यंत्राला एकीचंच खरं धरावं लागतं, तात्या. जी शेवटी चढली तिचं खरं."

"म्हणजे जो नंतर बोलला तो खरा? हे कुणी ठरवलं?"

निलोफरनी रेग्यांच्या खोलीकडे नुसतं बघितलं.

तात्यांनी तिथल्या तिथे आपली पुरवणी काढून परत चढवली. संध्याकाळी आण्णांनी आपली चढवली. मग ही युक्ती वसाहतभर झाली आणि उठल्यावर तोंड धुवायच्या आधी आपलं घर परत चढवायचा रिवाज पडला. दोन घरांनी एकाच म्हशीवर हक्क सांगितल्यामुळे तिला दोन तोंडं आली आणि दोन्हीकडून ती एकमेकांचा चारा ओढू लागली. कुणीतरी रागानं पारावरची चिंच काढून टाकली. एसटीचा थांबा चिंचेला जोडलेला होता, म्हणून थांबा गेला, थांब्याबरोबर एसटी गेली आणि एसटीत बसलेले मास्तरही गेले. शाळेत मुळात देऊळ शिरलेलं होतंच. आता पोरांच्या हजेरीला देव बसला.

निलोफरचा जेवणाचा डबा रोज तसाच परत जायला लागला. एक दिवस मात्र काय कोण जाणे, ओटा पुरता रुंद उतरला, मोरीही गायब. त्या चष्मा घेऊन धावतपळत वसाहतीत गेल्या आणि तात्यांच्या डोळ्यांवर चढवला.  तात्यांनी हातानं हवेत भिंत चाचपली.

"बसा ना तात्या. आहे तोवर बसून घ्या."

"भिंत अजून त्यानं आत ढकललेलीच आहे. ती आधी सरळ होऊ दे. मग बसतो."

रेगे यावर फारच चिडले. आपण लोकांना त्यांचं गाव फुकट परत देतोय आणि लोक त्यात मोऱ्या सोडतायत, असं ते प्रत्येक बैठकीत सांगायला लागले. शेवटी त्यांनी 'तंटामुक्त' नावाचं यंत्र बनवलं. त्याचा नियम एका ओळीचा होता. जिच्यावर कुणाचीच हरकत नाही, तेवढीच पुरवणी ठेवायची. हरकती एकदाच आणि मुदतीत घ्यायच्या. सगळ्यांवरच हरकती आल्या तर काय, असं निलोफरनी विचारलं. माणसं इतकी वाईट नसतात, असं रेगे म्हणाले.

हरकती आल्या. तात्यांनी भिंतीवर घेतली, आण्णांनी ओट्यावर. देवळाच्या तोंडाच्या दिशेवरून दोन आळ्यांनी घेतली. म्हशीवर तर तिच्या दोन्ही मालकांनी घेतली. एकानं स्वतःच्याच घरावर घेतली, कारण ते धाकट्या भावानं मांडलं होतं.

उद्घाटनाला वसाहतीच्या समाजमंदिरात सगळ्यांना चष्मे वाटले. रेग्यांनी कळ दाबली. तंटामुक्तनं प्रामाणिकपणे एकेक पुरवणी तपासली आणि काढली. घरं गेली, देऊळ गेलं, पार गेला. हरकत नसलेली एकच पुरवणी निघाली. पहिल्या दिवशी जमिनीबरोबर भरलेलं पाणी. इतके दिवस सगळे त्याच्यावरच आपापलं मांडत होते, आणि शेवटी चढेल तेच खरं, म्हणून ते दिसत नव्हतं.

समोर धरण पसरलं. मागे म्हसोबाचा डोंगर तेवढा होता. एक पाणकोंबडी पोहत गेली. ती पाण्याबरोबरच मोजली गेली होती आणि कुणाच्याच मालकीची नसल्यामुळे वाचली होती.

"पहिल्यांदा बुडवलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही," तात्या म्हणाले. "आताही नाही विचारलं?"

"आता विचारलं होतं, तात्या," निलोफर म्हणाल्या. "पाण्यावर कुणाची हरकत आहे का, हा पहिलाच प्रश्न होता."

मागून आण्णा करवादले, "पाणी काय आमच्या भावकीतलं होतं?"

रेग्यांनी पत्रकारांना सांगितलं की गावात आता एकही तंटा नाही. ते खरंच होतं. जुन्या हरकतींची मुदत संपली होती, त्यामुळे पाणी काढता येत नव्हतं. नवीन काही मांडलं तर तेवढ्यावर हरकत घेता येत होती.

दिवाळीच्या आधी आण्णांनी एक होडी मांडली. ती ओट्याच्या बरोबर वर बांधली, चष्मा घालून स्वतः एका टोकाला बसले आणि कितीतरी वर्षांनी तात्यांना हाक मारली.

"केरबा, ये. इथनं डोंगर दिसतोय."

तात्यांनी चष्मा घातला. डोंगर बघायच्या आधी त्यांनी होडी बघितली. ती वीतभर त्यांच्या बाजूला आली होती.

त्यांनी हरकत घेतली. ती लगेच मंजूर होऊन होडी काढली गेली. आण्णा होडीत होते.