थंडीचे पाहुणे

विमानतळाच्या बाहेर नुसतं 'कुलकर्णी' लिहिलेली पाटी धरून उभं राहणं म्हणजे भरबाजारात 'अहो' म्हणून हाक मारण्यासारखं आहे. ज्ञानेश्वरीला हे कळायला हवं होतं. पाच वर्षं ती हेच काम करत होती. पण त्या दिवशी तिची मती गुंग झाली खरी.

ती मोगरा पार्कची व्यवस्थापक. शिर्डीजवळच्या काकडी गावच्या माळावर विमानं उतरू लागली आणि भोवतालच्या ज्या जमिनीत बाजरीसुद्धा धड येत नव्हती, तिला एकदम भाव आला. हॉटेलं आली, प्लॉट पडले, रुंद रस्ते झाले. ज्ञानेश्वरीच्या वडिलांनी, बन्सीनानांनी, चार एकर माळ देऊन टाकला आणि त्यावर बेचाळीस बंगले उभे राहिले. ज्या बांधावर तिनं लहानपणी शेळ्या राखल्या, तिथं आता हिरवळ होती आणि हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या. बंगल्यांचे मालक सगळे परदेशात. दिवाळीनंतर यायचे, माघ संपला की जायचे. गाव त्यांना 'थंडीचे पाहुणे' म्हणायचं. ते नसत तेव्हा आठ-नऊ महिने ज्ञानेश्वरी बेचाळीस बंगल्यांच्या खिडक्या उघडायची, नळ सोडून ठेवायची, गाद्यांना ऊन दाखवायची. घर बंद राहिलं की रुसतं, असं ती म्हणायची.

तर त्या नोव्हेंबरात ती पाटी धरून उभी होती आणि दहा पावलांवर एक उंच, सावळा तरुण उभा होता. त्याच्या हातात खोक्याचा पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं — कुलकर्णी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानं विचारलं, तुमचे कुठले? ती म्हणाली, दुबईचे; बंगला नवाच घेतलाय, अजून फोनवरचीच ओळख. त्याचे हैदराबादचे होते. तिचे म्हातारे नवरा-बायको, त्याचेही म्हातारे नवरा-बायको. तो हसून म्हणाला, मंग काय, वळखू येतील. आणि पाहुणे बाहेर आले तेव्हा जो जोडा ज्या पाटीजवळ पोहोचला, तो त्या गाडीत बसला.

मोगरा पार्कच्या फाटकाशी आल्यावर मागच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, शनिशिंगणापूरला अंधार पडायच्या आत पोहोचू ना? ज्ञानेश्वरीनं गाडी थांबवली. तिनं घाईघाईनं आपल्या कुलकर्णीबाईंना, मैत्रेयीबाईंना, फोन लावला. त्या मजेत होत्या. म्हणाल्या, बंगला जरा लांबच दिसतोय गं, पण ड्रायव्हर फार गुणी आहे, राहात्याला उतरून पेरू घेऊन दिले त्यानं.

शेवटी कोल्हारला, प्रवरेच्या पुलाअलीकडे, पाहुण्यांची अदलाबदल झाली. तो बोनेटला टेकून पेरू कापत होता. सुरीच्या टोकावर एक फोड धरून त्यानं ती तिच्यापुढे केली.

"नाव काय म्हनायचं मॅडम तुमचं?"

"ज्ञानेश्वरी."

"एवढं मोठं नाव… अन् पाहुनं वळखता आलं न्हाई व्हय?"

"पुठ्ठ्यावर पाटी लिहिणाऱ्यानं मला शिकवू नये."

"पुठ्ठा असू द्या की. अक्षर बघा."

तिनं पाहिलं. अक्षर खरोखरच सुरेख होतं. तिला त्याचाच जास्त राग आला. पेरूची फोड मात्र तिनं घेतली, आणि वर मीठ मागितलं.

त्याचं नाव समर्थ. जामखेडकडचा. तिकडे पाऊस आला तर आला, म्हणून तो थंडीभर इकडे गाडी चालवायचा आणि उन्हाळा-पावसाळा घरी, आई लंकाबाईजवळ, तीन एकरांत बाजरी नाहीतर उडीद करायचा. मैत्रेयीबाईंनी जाहीर करून टाकलं की हंगामभर आपल्याला हाच ड्रायव्हर हवा. मग तो रोजच मोगरा पार्कात यायला लागला. मैत्रेयीबाईंचं आवरेपर्यंत तासभर सहज जायचा. तो तास तो ज्ञानेश्वरीच्या कचेरीच्या पायरीवर काढायचा. बंगल्यांच्या पाट्या पुसट झाल्या होत्या, त्या त्यानं न सांगता नव्यानं रंगवून दिल्या. ती म्हणाली, याचा मोबदला? तो म्हणाला, चहा. मग पाटीगणिक एक चहा ठरला, आणि पाट्या बेचाळीस होत्या.

डिसेंबरात एके दुपारी अवकाळी पाऊस आला. नेमक्या त्या दिवशी अकरा बंगल्यांच्या गच्च्यांवर गाद्या उन्हाला टाकलेल्या. ज्ञानेश्वरी धावत सुटली, समर्थ तिच्यामागे. एक जण एक टोक धरायचा, दुसरा दुसरं, आणि जिन्यातून गादी खाली. शेवटच्या गच्चीवर पोहोचले तेव्हा पावसानं झोडपायला सुरुवात केली होती. गादी आत नेण्याऐवजी त्यानं ती दोघांच्या डोक्यावर धरली. कापसाचा ओला वास, तिच्या कपाळावरून ओघळणारं पाणी… आणि तो काहीच बोलेना. एरवी तोंडाला खळ नसलेला माणूस.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई न्हाई. गादी जड हाय."

"मग खाली ठेव की."

"न्हाई. राहू दे अजून थोडी."

त्या दिवसापासून 'मॅडम' गेलं आणि 'अगं' आलं. ती प्रेमात पडली होती, आणि हे तिला स्वतःला कळायच्या आधी मैत्रेयीबाईंना कळलं होतं.

मार्चमध्ये पाहुणे गेले, समर्थही जामखेडला गेला. इतकी वर्षं बंद बंगल्यांतून एकटीनं फिरताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात वाटलं. नळ सोडून ती तशीच उभी राहायची आणि बादली भरून वाहायची. दिवाळी झाली, फाटकाशी त्याची गाडी दिसली, आणि तिनं त्याच्याशी भांडण काढलं, की आठवड्याला एकच फोन का, जास्त केले तर काय मोबाईलला पैसे पडतात?

त्या दुसऱ्या थंडीत तिनं घरी सांगितलं. बन्सीनाना वाईट माणूस नव्हते. शिर्डीतल्या एका हॉटेलवाल्याचं स्थळ त्यांनी मनात धरलं होतं, तरी त्यांनी समर्थला जेवायला बोलावलं, आग्रहानं वाढलं. तो गेल्यावर म्हणाले, "पोरगं गुनाचं हाय. पर अर्ध्या वर्साचं हाय. चार म्हैनं हितं, आठ म्हैनं जामखेडात पावसाची वाट बघत. त्यानं बारा म्हैन्याचं काईतरी बघावं, मंग मी कशाला आडवा येऊ?"

बारा महिन्यांचं काम चालून आलं ते मैत्रेयीबाईंच्या घरातूनच. त्यांच्या मुलाच्या दुबईत प्रवासी गाड्या होत्या. सुहासरावांनी, मैत्रेयीबाईंच्या यजमानांनी, सहज विचारलं, येतोस का रे? व्हिसा, राहणं, सगळं आम्ही बघू.

फेब्रुवारीतल्या दुपारी समर्थनं तिला गाद्यांच्या त्याच गच्चीवर बोलावलं. खाली सुहासरावांच्या बागेत कारंजं उडत होतं. पलीकडे, कुंपणाबाहेर, नुसता तपकिरी माळ.

"दोनच वर्सं," तो म्हणाला. "दोन वर्सं तिकडं करतो, मंग हितं सोताची गाडी घेतो अन् कायमचा येतो. मला तू पायजे, ज्ञाना. दुसरं काई न्हाई. तू न्हाई म्हन… न्हाई जात."

असं स्पष्ट तो पहिल्यांदाच बोलला होता. एरवी ती आनंदानं वेडी झाली असती. पण 'दोन वर्षं' ऐकलं आणि ती खाली बंगल्यांकडे बघू लागली. बेचाळीसही बंगले याच वाक्यावर उभे होते. दोनच वर्षं, मग कायमचे येऊ — प्रत्येक मालक बंगला दाखवताना तिला हेच सांगायचा. मैत्रेयीबाई आणि सुहासरावही दोनच वर्षांसाठी गेले होते, त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. ती माणसं खोटं बोलत नव्हती. समर्थही बोलत नव्हता.

एक 'नको' म्हटलं असतं तर तो थांबला असता. शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यात डोक्यावरून विमान उतरायला आलं आणि तिच्या उत्तराची वाट बघत असलेला समर्थ — इतक्या मोठ्या प्रश्नाच्या मधोमध — मान वर करून त्या विमानाकडे बघू लागला. सहा वर्षं तो विमानतळाच्या दाराशी उभा राहत होता. आत काय असतं हे त्यानं पाहिलेलं नव्हतं. विमान दिसेनासं झाल्यावरच त्याची मान खाली आली.

"जा," ती म्हणाली.

"मनापासून?"

"माझं लई प्रेम हाय तुझ्यावर, म्हनून सांगते, जा. आज मी आडवलं, तर माझ्याशेजारी बसून जन्मभर तू वर बघत राहशील. मला ते न्हाई बघवायचं."

तो लहान पोरासारखा हसला आणि मग त्याला रडू आलं. तिनं त्याचा हात धरला. त्या गच्चीवर ती दोघं किती तरी वेळ तशीच बसली. बन्सीनानांनी दोन वर्षं थांबायचं कबूल केलं.

मार्चमध्ये तिनंच त्याला विमानतळावर सोडलं. पट्टा कसा लावायचा, कानांत दडे बसले तर गोळी चघळायची, खिडकीची जागा मागून घ्यायची — सगळं तिनं बजावून सांगितलं. ती स्वतः कधी विमानात बसली नव्हती, सगळं पाहुण्यांकडून ऐकलेलं. तो आत गेला तेव्हा ती रडली नाही. त्याच विमानानं तिचे तीन पाहुणे जात होते, त्यांच्या बॅगा मोजायच्या होत्या. परत येताना गाडी बाजूला घेतली आणि मग रडली.

दर शुक्रवारी सकाळी त्याचा फोन यायचा. उंच इमारती, पाण्यापेक्षा स्वस्त पेट्रोल, सहा पदरी रस्ते… त्याच्या आवाजात इतकं नवल असायचं की ऐकताना ती पण हरखायची. "ज्ञाना, हितं नुस्ती वाळू हुती म्हनं. आपल्याकडच्या माळावानी. अन् आता बघ." थंडीत तो रजेवर येणार होता. पण तिथंही थंडीतच पाहुण्यांची झुंबड उडते, रजा मिळाली नाही. उन्हाळ्यात रजा मिळत होती, तर एकानं काम सोडलं आणि त्याला वरची जागा मिळाली. आता तो सहा ड्रायव्हरांवर होता. तिला आनंदच झाला. हॉटेलवाल्याचं स्थळ एव्हाना दुसरीकडे जमलं होतं. आणखी दोन आली, ती तिनं परतवली. नाना दिल्या शब्दाला जागले.

दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. आषाढ कोरडा गेला, श्रावण लागला तरी आकाशात ढग नाही. माळावरची बाजरी वीतभर येऊन करपली. मोगरा पार्कातल्या रिकाम्या बंगल्यांच्या हिरवळीसाठी टँकर येत होते आणि गावातल्या बायका फाटकाबाहेर हंडे घेऊन उभ्या राहत होत्या. ज्ञानेश्वरी आधी त्यांचे हंडे भरून द्यायची, मग हिरवळीला पाणी.

अशाच एका शुक्रवारी ती टँकरपाशी उभी असताना त्याचा फोन आला. तो घाईत होता, पण खुशीत होता. नवी मोठी खोली मिळाली होती.

"बाकी काई न्हाई, आमच्याकडं लई उकडतंय सध्या. गाडीच्या टपावर भाकर भाजंल. तुमच्याकडं पाऊस झाला का?"

ज्ञानेश्वरीनं पाइप खाली ठेवला.

आमच्याकडं… तुमच्याकडं. वर्षभरापूर्वी तो 'हितं' आणि 'आपल्याकडं' म्हणायचा. दुबई म्हणजे 'हितं', आणि जामखेड, काकडीचा माळ, कोल्हारचा पूल, ती स्वतः — हे सगळं मिळून 'आपल्याकडं'. तो शब्द नेमका कधी गेला, हे तिनं आठवून पाहिलं. आठवेना. सात वर्षं ती पाहुण्यांच्या तोंडून हेच ऐकत आली होती. तुमच्याकडे डास फार झालेत, तुमच्याकडचे पेरू आता तसे राहिले नाहीत. वाईट मनानं कुणीच म्हणत नसे. पण एकदा 'तुमच्याकडे' म्हणायला लागलेला माणूस पुन्हा 'आपल्याकडे' म्हणताना तिनं ऐकलेला नव्हता.

"ज्ञाना? ऐकतीस का? झाला का पाऊस?"

"न्हाई झाला," ती म्हणाली. आणि मग, शांतपणे, "समर्थ, आता आपन हितंच थांबू. मी नानांना सांगते, लगीन व्हायचं न्हाई म्हनून. तू तिकडं नीट राहा. आईला घेऊन जा जमलं तर."

तिला वाटलं, तो विचारेल, काय चुकलं, कुणी काय सांगितलं. पण तो तिला पुरता ओळखत होता. तो म्हणाला,

"मी 'तुमच्याकडं' म्हनलो व्हय?"

"व्हय."

"तोंडातून गेलं गं. मुद्दाम न्हाई म्हनलो."

"म्हनून तर," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मुद्दाम म्हनला असतास, तर भांडले असते मी तुझ्याशी."

तो रडायला लागला. ती फोन कानाशी धरून ऐकत राहिली.