माज सरल्यावरची हाक

आयसुरा संध्याकाळी गाईची धार काढायला बसली होती, तेव्हा वरच्या कड्याकडून हरणाचा नर डुरकला. तिचे हात आचळांवरच थांबले.

एरवी यात नवल नव्हतं. थंडीची चाहूल लागली की अल्ताईच्या त्या दरीत माराल, म्हणजे तिथली थोराड हरणं, माजावर येतात. नर रानभर डुरकत माद्या गोळा करतात आणि शिकारी त्या आवाजाच्या मागे जातात. पण यंदाचा माज सरला होता. तिच्या सासऱ्याने, म्हाताऱ्या तोगुसने, तसं सांगूनच टाकलं होतं. नरांच्या लोळणीतला वाळलेला चिखल आणि त्यांची खपाटीला गेलेली पोटं पाहून तो दरवर्षी सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. तोगुसला विचारल्याशिवाय नर तोंड उघडत नाहीत नि मिटतही नाहीत, अशी गावात थट्टा चालायची.

तिचा नवरा सानाश माजाच्या शेवटाला, हिवाळ्याच्या मांसासाठी वर गेला होता. मग बर्फ पडला. गावची माणसं शोधायला गेली आणि हात हलवत परत आली. सगळ्यांनी आशा सोडली, फक्त आयसुराने सोडली नव्हती.

डुरकणं पुन्हा आलं. या वेळी शेवटाला एक बारीक शीळ होती.

नराला भुलवायला शिकारी भूर्जाच्या सालीची तुतारी वाजवतात. ती फुंकत नाहीत. ओठांना लावून श्वास आत ओढतात. सानाशचा पुढचा दात तुटका होता. त्याने श्वास ओढला की फटीतून नेमकी अशीच शीळ निघायची.

दुधाची बादली लवंडली. आयसुरा घराकडे धावली. म्हातारा दारातच उभा होता.

“बाबा! ऐकलंत?”

“ऐकलं.”

“हरीण तर नसेल ना हो?”

“माज सरलाय, पोरी. हरीण कुठलं.”

“मग हेच आहेत!” तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. “अहो, मग असे गप्प का उभे तुम्ही?”

तोगुस घोड्याचं खोगीर आणायला आत गेला.

अंधारात बर्फाचा चढ चढणं शक्य नव्हतं; फटफटायला दोघं निघाली. तिने खारा चहा घेतला, मेंढीच्या कातड्याचा जाड कोट घेतला. वाटभर तिचं तोंड थांबेना. “भेटू देत एकदा, अशी खरडपट्टी काढते की बघाच.”

“आधी चहा दे,” म्हातारा म्हणाला. “ओरडायला जन्म पडलाय.”

वरच्या झाडीतून पुन्हा तीच शीळ आली. तोगुसने कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू एका झाडावर दोनदा आपटली. ठक्... ठक्. रानात दुसरी तुतारी ऐकू आली की शिकाऱ्याने झाडावर दोन ठोके द्यायचे आणि समोरच्याने दोन परत करायचे, हा त्यांचा नेम. नाहीतर हरीण समजून माणूसच माणसाला मारायचा. सानाशला हे बापानेच शिकवलं होतं.

ठोके परत आले नाहीत. शीळ तेवढी आली, जरा आणखी वरून.

“हात गारठले असतील...” आयसुरा म्हणाली.

म्हातारा पुन्हा पुन्हा ठोकत राहिला. “ठोक ना रे, बाळा... एकदा तरी ठोक...”

सानाश त्यांना एका झाडाच्या बुंध्याशी बसलेला सापडला. पापण्यांवर बर्फ, अंग लाकडासारखं कडक. आयसुराने त्याचे हात चोळले, तोंडावर ऊन श्वास सोडला, चहा पाजू पाहिला. चहा हनुवटीवरून ओघळून गेला. तिने असा हंबरडा फोडला की घोडाही मागे सरला.

तेवढ्यात वरच्या अंगाला शीळ वाजली.

दोघांनीही सानाशच्या मांडीकडे पाहिलं. तुतारी तिथेच होती, आत बर्फ गच्च भरलेला.

“चल,” तोगुस कुजबुजला. “मागे बघू नकोस...”

त्यांनी त्याला कोटात गुंडाळून घोड्यावर बांधलं आणि उतार धरला. प्रत्येक वळणाला शीळ मागे होतीच. प्रत्येक वळणाला थोडी जवळ. ओढ्यापाशी आयसुराला ते सहन होईना. तिने सासऱ्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली.

“नको, पोरी... आता ठोकू नकोस...”

“माझा माणूस आहे तो! मी विचारणार!”

ठक्. ठक्.

शीळ थांबली. रान चिडीचूप झालं. मग उत्तर आलं. ठक्... ठक्...

ते रानातून आलं नव्हतं. घोडा जागचा हलला नव्हता, आणि आवाज खोगिराच्या लाकडावर झाला होता.

तिने कोटाची गाठ सोडली. चेहरा तसाच होता, पांढराफटक. तिने त्याच्या ओठांशी कान नेला. कपाळावरची तिची एक बट हलली आणि हळूच त्याच्या दाताच्या फटीकडे ओढली गेली.

“बाबा! श्वास घेतायत! अहो, श्वास घेतायत हे!”

म्हातारा जवळ आला नाही.

“सोडतोय का?” त्याने विचारलं.

आयसुरा थांबली. बारीक शीळ वाजू लागली होती. ती श्वास बाहेर येण्याची वाट पाहत वाकूनच राहिली... बट ताठ झाली होती, आणि अजून आतच चालली होती.