कोटाला लटकलेली पैज

केशरी फुलांची कुंडी कडेवर घेऊन ती रोपवाटिकेत शिरली ती तणतणतच. फुलं होती, पानं मात्र जवळजवळ सगळी गायब!

"हे रानफूल लावा, फुलपाखरं येतील म्हणालात ना? आल्या अळ्या! शिवणाचं दुकान आहे आमचं. गिऱ्हाइकं किंचाळतात!"

मातीने माखलेला रोपवाला चक्क हसला. "अहो, त्यांचीच तर फुलपाखरं होतात. कुठायत त्या?"

"दिल्या... फेकून." तिचा आवाज एकदम खाली आला. एवढं साधं आपल्याला कळू नये, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुंडीत एकच अळी उरली होती. "लावता पैज?" तो म्हणाला. "हिचं फुलपाखरू झालं, तर एक संध्याकाळ माझ्याबरोबर फिरायला यायचं. नाही झालं, तर नवं झाड फुकट."

"झाड तयार ठेवा," ती फणकारली आणि अळीसकट कुंडी उचलून दुकानाकडे निघाली.

मग अळीची तब्येत बघायला तो रोज दुकानात येऊ लागला. बघायचा मात्र हिच्याकडेच जास्त. दुकान मावशीचं, ती चष्म्यावरून दोघांना न्याहाळत काजं करत राहायची. आणि ही? मावशीच्या झाडूपासून अळीला जपता जपता हिला पैज हरावीशी वाटायला लागली होती... पण सांगायचं कुणाला?

एके दिवशी अळी दिसेना. तिने सगळं दुकान पालथं घातलं. शेवटी सापडला तो हिरवागार, सोनेरी टिपक्यांचा कोश, वकीलसाहेबांच्या नव्याकोऱ्या काळ्या कोटाच्या अस्तराला लटकलेला. आणि वकीलसाहेब दारात!

"झाला का कोट?"

आजवर तिने कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. "नाही... अस्तर बिघडलंय," ती धडधडीत खोटं बोलली. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले आणि टेबलावर हात आपटू लागले, तशी मावशी पुढे झाली. "उद्या दुपारी घरी आणून देते, साहेब. त्यापुढे एक मिनिट नाही."

ते गेल्यावर ती भाचीकडे वळली. "एवढा जीव जडलाय तर सांगून टाक ना त्याला, बये! कोटाला कशाला वेठीला धरतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोश तडकला. चुरगळलेले पंख उलगडले, वाळले... आणि फुलपाखरू उडून थेट त्या केशरी फुलांवर जाऊन बसलं.

गळ्यात टेप, पायात चपला नाहीत, अशी ती भर रस्त्यातून धावत सुटली. रोपवाटिकेत गिऱ्हाइकांची गर्दी होती. असू दे!

"हरले! मी हरले हो!"

त्याच्या हातातली झारी खाली पडली. "एवढ्या आनंदाने कुणी हरतं होय?"

"पण एकच संध्याकाळ मला पुरायची नाही," ती धापा टाकत म्हणाली. "रोज यायचंय. कायमचं... चालेल?"

"चालेल काय... धावेल!" तो म्हणाला, आणि त्या सगळ्या गर्दीत मातीच्या हातांनी त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.